मोजून पाहणारा माणूस

आमच्या बीड जिल्ह्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. रस्ता असो, पाझर तलाव असो, कालव्याचे अस्तरीकरण असो की शाळेची खोली, सरकारी पैसा गुत्तेदाराच्या हातूनच जमिनीवर उतरतो. त्याच्यासमोर टेप आणि मोजमापवही घेऊन उभा राहणारा जो माणूस असतो, तो मी तीस वर्षे होतो. त्यातली शेवटची बारा वर्षे गुणनियंत्रणात, म्हणजे दुसऱ्याने करवून घेतलेले काम तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मला अग्निबाणांविषयी वाचण्याचा नाद लागला तेव्हा मित्रमंडळींनी चेष्टा केली. बीडच्या ओव्हरसियरचा आणि श्रीहरिकोट्याचा संबंध काय, असे त्यांना वाटे. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. कारण अग्निबाणाचाही मोठा भाग गुत्तेदारच बनवतात.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. त्यांनी तोडलेला ऊस ज्या चरकांतून जातो, तशी यंत्रे बनवणारा एक जुना कारखाना पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला आहे. भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एस.एल.व्ही.-३ घडत होता, त्या काळापासून हाच कारखाना अग्निबाणांची पोलादी आवरणे बनवतो आहे. साखरेची यंत्रे करणाऱ्या हातांवर अग्निबाणाचे आवरण कोणी आणि कोणत्या भरवशावर सोपवले, या प्रश्नाचा माग काढत मी एका माणसापाशी पोहोचलो. त्यांचे नाव सतीश धवन.

नाव वाचकांच्या कानावरून गेलेले असणार. श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण केंद्राला २००२ पासून त्यांचेच नाव आहे. पण साराभाईंचे चरित्र शाळेत शिकवतात, कलामांचे पुस्तक घरोघरी आहे, आणि या दोघांच्या मधला हा माणूस मराठी वाचकाला केवळ एका पत्रकार परिषदेच्या गोष्टीपुरता ठाऊक असतो. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे. मात्र ती जशी सांगितली जाते, तेवढ्यावर माझे समाधान झालेले नाही.

धवनांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० रोजी श्रीनगरला झाला. शिक्षण लाहोरला, पंजाब विद्यापीठात. त्यांच्या पदव्यांची यादी पाहिली की माणूस चक्रावतो. गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन बी.ए., मग इंग्रजी साहित्यात एम.ए., आणि त्यानंतर यंत्र अभियांत्रिकीची पदवी. आजच्या प्रवेश परीक्षांच्या काळात असा विद्यार्थी वाट चुकलेला ठरला असता. पदवी मिळाल्यावर ते बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात सुमारे वर्षभर राहिले. हा कारखाना १९४० च्या डिसेंबरात आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारला होता. वालचंदनगरही त्यांचेच. योगायोग म्हणून नोंदवतो, त्याला फार अर्थ चिकटवीत नाही. एवढे मात्र खरे की विमान दुरुस्त करणारा, रिबिटे ठोकणारा, एकेका भागावर सही करून तो पुढे सोडणारा कारखाना धवनांनी अमेरिकेला जाण्याआधी पाहिला होता.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एम.एस. झाले. ते तिकडे असतानाच फाळणी झाली आणि लाहोर परक्या देशात गेले. पुढे कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत हान्स लीपमन या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली १९५१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधाचा विषय थोडा समजून घेतला पाहिजे, कारण माझ्या मते पुढचा सगळा माणूस त्यात आहे.

विमानाच्या पृष्ठभागावरून हवा वाहते तेव्हा ती पृष्ठभागाला घासते. हे घर्षण किती, यावर विमानाला किती जोर लागेल हे ठरते. त्या काळी हे घर्षण बहुधा आडमार्गाने काढीत. हवेचा वेग वेगवेगळ्या उंचीवर मोजायचा आणि त्यावरून गणिताने घर्षणाचा अंदाज बांधायचा. धवनांनी पृष्ठभागाचा एक बारीक तुकडा उरलेल्या पृष्ठभागापासून सुटा केला, त्याला हलण्यापुरती जागा ठेवली, आणि हवा त्या तुकड्याला प्रत्यक्ष किती ओढते तेच मोजले. त्यासाठीचे उपकरण इतके नाजूक असावे लागते की कडेच्या फटीतून येणारा झोतही मोजमाप बिघडवू शकतो. अंदाजावर न थांबता जागेवर जाऊन मोजायचे, ही सवय त्यांना तिशीतच लागली होती.

१९५१ मध्ये ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तिथे त्यांनी देशातला पहिला स्वनातीत वातबोगदा उभा केला. ध्वनीपेक्षा अधिक वेगाची हवा ज्यातून सोडता येते असा हा बोगदा होता, आणि त्याची चाचणीची जागा हाताच्या पंजाएवढीच होती. मोठी यंत्रे परदेशातून मागवायला पैसे नव्हते आणि त्यासाठी ते थांबलेही नाहीत. पुढे वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास ते त्या संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी एक नाजूक काम त्यांच्याकडे आले. कानपूरला सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ॲव्हरो एच.एस.-७४८ या प्रवासी विमानाच्या सुरक्षिततेविषयी वाद उठला होता. विमान बनवणारा कारखाना सरकारचा, ते वापरणारी कंपनी सरकारची, आणि आक्षेप घेणारे वैमानिक त्याच कंपनीच्या नोकरीत. अशा भांडणात काय होते ते सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको. धवनांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने प्रत्यक्ष उड्डाणातल्या मोजमापांचा आधार घेतला. कोणाचे पारडे जड, यावर ती गेली नाही.

३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रम साराभाई कोवळमला अचानक वारले. त्या वेळी धवन रजा घेऊन कॅल्टेकमध्ये होते. इंदिरा गांधींनी त्यांना अवकाश कार्यक्रमाची धुरा घेण्याविषयी विचारले. धवनांनी दोन अटी घातल्या. कार्यक्रमाचे मुख्यालय बंगलोरला असावे आणि आपले संचालकपद सुटू नये. दोन्ही मान्य झाल्या. ते परत येईपर्यंत एम.जी.के. मेनन यांनी काम सांभाळले, आणि १९७२ मध्ये धवन अध्यक्ष झाले. संचालकपदाच्या अटीकडे लोक शिक्षकी प्रेम म्हणून पाहतात. ते असेलच. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याची रोजीरोटी आणि प्रतिष्ठा एकाच प्रकल्पावर अवलंबून नाही, त्याला त्या प्रकल्पाचे दोष पाहणे सोपे जाते.

साराभाईंनी स्वप्न दिले होते, माणसे जमवली होती, थुंब्याच्या किनाऱ्यावरून लहान अग्निबाण उडत होते. आता चाळीस किलोचा उपग्रह कक्षेत नेणारा चार टप्प्यांचा, बावीस मीटर उंच, सतरा टन वजनाचा प्रक्षेपक बनवायचा होता. एवढे सगळे सरकारी प्रयोगशाळेत बनणे शक्य नव्हते. मोठी यंत्रे, भट्ट्या, वेल्डिंगची सोय खासगी आणि सरकारी कारखान्यांत होती. धवनांच्या कारकिर्दीत इस्रोने उद्योगांची दारे ठोठावली. वालचंदनगर आले, विक्रोळीचे गोदरेज आले, लार्सन अँड टुब्रो आले, वालचंदांनी स्थापलेला आणि आता सरकारी झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्स तर होताच. आणि इथेच माझ्या धंद्यातला जुना प्रश्न उभा राहिला : गुत्तेदाराचे काम तपासायचे कसे?

इथे थोडे थांबून सांगतो. घन इंधनाचा अग्निबाण ही एक विलक्षण वस्तू आहे. मोटारीचे इंजिन बनले की ते चालवून पाहता येते, मग गाडीत बसवता येते. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की संपली. जी मोटर तपासण्यासाठी पेटवली ती उडणार नाही, आणि जी उडणार ती कधीच पेटवून पाहिलेली नसणार. म्हणजे उडणाऱ्या मोटरीची खरी चाचणी तिच्या उड्डाणातच होते. मग भरवसा कशाचा? तिची जुळी बहीण जमिनीवर बांधून पेटवली आणि ती नीट जळली, याचा. आणि दोघी खरोखर जुळ्या आहेत याचा. हे दुसरे सिद्ध करण्यासाठी पोलाद कोणत्या घाणातले, वेल्डिंग कोणी केले, भट्टीचे तापमान किती वेळ किती होते, क्ष-किरणांच्या फिल्मवर काय दिसले, याची एकेक नोंद लागते. म्हणून निरीक्षकाने माल तयार झाल्यावर येऊन उपयोग नाही, तो बनत असतानाच तिथे असावा लागतो.

आवरणाची पाण्याची चाचणी मला फार आवडते, कारण ती आपल्या नळयोजनेच्या पाइपाच्या चाचणीचीच थोरली बहीण आहे. आवरणाची दोन्ही तोंडे बंद करून त्यात पाणी भरतात आणि उड्डाणात येईल त्याहून काहीसा अधिक दाब देतात. हवा का भरीत नाहीत? हवा दाबली की तिच्यात ताकद साठते, आवरण फुटले तर बॉम्ब होतो. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे फुटले तरी तडा जाऊन पाणी वाहते आणि माणसे वाचतात. दाब उतरवल्यावर सांधे पुन्हा तपासतात, कारण चाचणीनेच एखादी बारीक चीर वाढलेली असू शकते. हे शेवटचे पाऊल आमच्याकडे कोणी उचलल्याचे मी पाहिले नाही. आमच्याकडे गेजवरचा काटा वर गेला की फोटो, आणि फोटोनंतर बिल.

चाचणीचेही दोन प्रकार असतात, आणि ते वेगळे ठेवणे ही धोरणाची गोष्ट आहे. पहिला प्रकार रचनेची परीक्षा घेणारा. त्यात नमुन्याला उड्डाणात येतील त्याहून जास्त हादरे, जास्त उष्णता, जास्त दाब देतात. तो नमुना झिजतो, म्हणून तो उडवीत नाहीत. दुसरा प्रकार प्रत्यक्ष उडणाऱ्या वस्तूची परीक्षा घेणारा. तिथे बेताचाच ताण द्यायचा, कारागिरीतली खोट उघडी पडेल इतकाच. घाईत असलेला प्रकल्पप्रमुख या दोन्हींची सरमिसळ करायला बघतो, कारण एक नमुना वाचला की महिने आणि पैसे वाचतात. त्याला नाही म्हणणारा माणूस त्याच्या हाताखालचा असून चालत नाही. इस्रोत गुणवत्ता पाहणारे आणि वस्तू बनवणारे यांना वेगळे ठेवण्याची आणि मोठ्या टप्प्यांच्या समीक्षेला संस्थेबाहेरचे प्राध्यापक, तज्ज्ञ बोलावण्याची वहिवाट धवनांच्या काळात रुजली. विद्यापीठातला प्राध्यापक गैरसोयीचा प्रश्न विचारून संध्याकाळी आपल्या घरी जातो. त्याची बढती कोणी अडवू शकत नाही.

मला एका कालव्याचे काम आठवते. नाव घेत नाही. अस्तरीकरणाच्या काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडायचे असतात. ज्या मिश्रणाने कालवा होतो त्याच मिश्रणाचे ठोकळे असावेत, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात गुत्तेदाराचा माणूस जास्त सिमेंटचे ठोकळे वेगळे पाडून आणी. मी ओल्या ठोकळ्यांवर खिळ्याने तारीख आणि माझी खूण कोरायला लागलो, तर मला दुसऱ्या कामावर पाठवले गेले. दोन पावसाळ्यांत अस्तराला भेगा गेल्या, शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी पोहोचेना. चाचणीचे कागद अजूनही कुठल्यातरी कपाटात असतील आणि त्यांत सगळे ठोकळे पास असतील. ठोकळ्यांची चाचणी होत होती, कालव्याची होत नव्हती.

इस्रोने कारखान्यांशी व्यवहार मात्र निराळा ठेवला. सर्वांत कमी दराची निविदा काढून काम गळ्यात मारायचे आणि फसले की दंड लावायचा, हा मार्ग तिथे चालण्यासारखा नव्हता. जे काम देशात कोणीच कधी केलेले नाही, त्याचा दर गुत्तेदार तरी कशावर सांगणार? त्यामुळे महागडा कच्चा माल बहुधा इस्रोने पुरवायचा, रचना इस्रोची, अभियंते कारखान्यात जाऊन कारागिरांबरोबर उभे राहायचे, आणि सुरुवातीचे बिघडलेले नमुने शिकण्याचा खर्च म्हणून धरायचे. यात गुत्तेदाराला डोक्यावर बसवणे होते असे कोणी म्हणेल. पण सूट फक्त शिकण्याला होती, तपासणीला नव्हती.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ पहिल्यांदा उडाला. पहिला टप्पा नीट जळला, दुसऱ्यात नियंत्रण सुटले आणि प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. तपासात आढळले की दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतले नायट्रिक आम्ल उड्डाणाआधीच गळून गेले होते. झडपेत घाण अडकली होती आणि ती पूर्ण मिटली नव्हती. उड्डाणाच्या आधीच्या शेवटच्या मिनिटांत संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती, तज्ज्ञांनी साठा पुरेसा आहे असा सल्ला दिला, आणि आपण पुढे जाण्याचे ठरवले, हे प्रकल्पसंचालक अब्दुल कलाम यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी पत्रकारांपुढे कलामांना न पाठवता धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले, पस्तीस किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना बसवले.

ही गोष्ट मनाच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. ती तशी आहेच. परंतु आयुष्यभर तपासणी केलेल्या माणसाला तिच्यात आणखी एक हिशेब दिसतो. चूक दाखवणाऱ्याचे किंवा कबूल करणाऱ्याचे डोके उडणार असेल, तर पुढच्या खेपेला झडपेतली घाण कोणीही सांगणार नाही. सगळे ठोकळे पास होतील. वरच्या माणसाने बाहेरचा मार स्वतःच्या पाठीवर घेतला की आतली माणसे खोलीत बसून मोकळेपणी आपापल्या चुका मांडू शकतात. ते मांडणे झाले, झडपा आणि स्वच्छतेच्या पद्धती तपासल्या गेल्या, आणि अकरा महिन्यांत प्रक्षेपक पुन्हा उभा राहिला. धवनांचे ते पत्रकारांपुढे बसणे हा मला त्यांच्या तपासणीच्या धोरणाचाच एक भाग वाटतो. त्या दिवसांत तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राची सूत्रे आपल्या वसंतराव गोवारीकरांकडे आली होती. घन इंधनाचे काम त्यांनीच घडवले होते, आणि १९८० चे यश त्यांच्या संचालकपदाच्या काळातले आहे.

गुत्तेदार परदेशी असला की तपासणी किती अवघड होते, याचाही अनुभव धवनांनी घेतला. दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान या तिन्ही कामांसाठी एकच उपग्रह हवा होता. तसा उपग्रह देशात बनवायला वेळ लागणार होता. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड एरोस्पेस कंपनीशी इन्सॅट-१ मालिकेचा करार झाला. प्रकल्पाची जबाबदारी पुण्यात जन्मलेल्या प्रमोद काळे यांच्याकडे होती. पहिला इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ रोजी गेला. आधी त्याचा एक अँटेना उघडेना, तो कसाबसा उघडला. मग सौर दाब तोलण्यासाठी असलेले शीड उघडलेच नाही. तोल सांभाळण्यात इंधन खर्च होत गेले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये उपग्रह मेला. पाच महिन्यांत.

अवकाशात घडी उलगडणारी यंत्रणा जमिनीवर तपासणे हे फार अवघड काम असते. तिथे वजन नाही, इथे आहे. जमिनीवर तपासताना तिला दोऱ्यांनी टांगावे लागते, आणि मग चाचणी यंत्रणेची होते की दोऱ्यांची, हा प्रश्न उरतोच. दुसरा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर या अवकाशयानातून गेला. त्याचेही सौर पंख सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुरते उघडले नव्हते, आणि बंगलोरपासून हासनपर्यंत सगळ्यांची झोप उडाली होती. ते उघडले, आणि आमच्या तालुक्याच्या गावांत दूरदर्शन दिसू लागले ते याच उपग्रहामुळे. धवनांनी परदेशी खरेदी करतानाच आपल्या माणसांना काम शिकण्याची संधी साधून घेतली. विकत घेतलेल्या वस्तूची खोट ओळखायला ती बनवता येण्याइतके ज्ञान लागते. १९९२ मध्ये देशात बनलेला इन्सॅट-२ए गेला तेव्हा धवन निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती.

ज्या चॅलेंजरने आपला उपग्रह सुखरूप नेला, तेच २८ जानेवारी १९८६ रोजी सात माणसांसह फुटले. घन इंधनाच्या अग्निबाणाच्या दोन तुकड्यांमधला सांधा थंडीत गळला होता. आदल्या रात्री ते बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाण करू नका म्हणून सांगितले होते, आणि त्यांच्याच व्यवस्थापकांनी नासाचा कल पाहून तो सल्ला फिरवला. १९९० मध्ये हबल दुर्बीण गेली, तिचा आरसा चुकीच्या आकारात घासलेला निघाला. घासताना ज्या उपकरणाने तो तपासला तेच चुकीचे जोडलेले होते. दुसऱ्या साध्या उपकरणांनी दोष दाखवला होता, पण ती कमी अचूक म्हणून कोणी मनावर घेतली नाहीत. कारखान्यात नासाचा तपासणारा डोळा पुरेसा नव्हता. पैशाची कमतरता तिथे नव्हती, बुद्धीची तर नव्हतीच.

आपल्याकडे आता काळ पालटला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पाच पी.एस.एल.व्ही. संपूर्ण बांधून देण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला दिले गेले. छोट्या एस.एस.एल.व्ही.चे तंत्रज्ञान घेण्याची बोली जून २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जिंकली. आजवर कारखाना भाग करी आणि इस्रो त्यांची जुळणी करून सही करी. आता जुळणीही कारखान्याची. मग कारखान्यात बनत असतानाच उभा राहणारा माणूस कोणाचा पगार घेणार, आणि त्याने नाही म्हटले तर प्रक्षेपण थांबणार का? १८ मे २०२५ रोजी पी.एस.एल.व्ही.-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे घन इंधनाच्या मोटरीतच, दाब कमी पडला आणि उपग्रह गेला. तीसहून अधिक वर्षे उडणाऱ्या, अनुभवी प्रक्षेपकाची ही गोष्ट. पेटवून पाहता न येणाऱ्या मोटरीचा भरवसा किती बारीक धाग्यावर असतो ते अशा वेळी कळते.

धवन १९८४ मध्ये इस्रोतून बाजूला झाले. अध्यक्ष असताना श्रीहरिकोट्याच्या बेटावरच्या यानाडी आदिवासींची आणि तिथल्या झाडीची काळजी त्यांनी घेतली होती. बेटाला लागून पुलिकतचे सरोवर आहे, तिथे हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरतात. निवृत्तीनंतर त्यांनी पक्ष्यांच्या उडण्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. पक्ष्याचे वजन, पंखांचा पसारा, त्याला लागणारी ताकद यांची गणिते त्यात मांडली. ३ जानेवारी २००२ रोजी बंगलोरला ते वारले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात श्रीहरिकोट्याच्या फाटकावर त्यांचे नाव लागले.